म्हसावदात सॉरी कशी आली

हल्ली शहाद्याच्या मोटारस्टँडवर कुणाच्या पायावर पाय पडला की लगेच 'सॉरी' ऐकू येते. पाय देणारा तोवर पुढे गेलेला असतो. शब्द मागे उरतो, आणि ज्याचा अंगठा चेंगरला तो त्या शब्दाकडे बघत उभा राहतो. सोय मोठी आहे, माझी तक्रार नाही. मीही दिवसातून पुष्कळदा हा शब्द वापरतो आणि वापरून झाल्यावर मला अगदी मोकळं वाटतं. पण हा शब्द आमच्या म्हसावदात पहिल्यांदा आला तेव्हा त्याला किती कष्ट पडले, हे सांगणारी माणसं आता थोडी राहिली. म्हणून लिहितो.

तो आला मोटारीतून. साल एकोणतीस असावं. कुणी एक गोरा साहेब शिकारीसाठी तळोद्यावरून सातपुड्यात निघाला होता. वाट चुकून तो म्हसावदात शिरला आणि त्याच्या मोटारीखाली गफूर मिस्तरीची कोंबडी आली. ही त्याची त्या मोसमातली पहिली शिकार. साहेब खाली उतरला, त्यानं टोपीला हात लावला, मिस्तरीच्या बायकोकडे, खातूनकडे बघून 'सॉरी' म्हणाला आणि धूळ उडवत गेला. गावानं बराच विचार केला. एक जिवंत कोंबडी आणि एक शब्द, असा हा व्यवहार होता. तो पूर्ण झाला आहे असं साहेबाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. खातूनच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं.

आता सॉरीच्या आधी आमच्याकडे लोक काय करत, असं कुणी विचारील. ते पाणी मागत.

पद्धत साधी होती. ज्याची चूक, त्यानं ज्याला दुखावलं त्याच्या दारी दिवसाउजेडी चालत जायचं. सगळ्यात खालच्या पायरीवर बसायचं. 'पाणी दे,' एवढंच म्हणायचं. कशासाठी, हे कुणी विचारत नसे, कारण ते गावाला ठाऊकच असे. आतल्या माणसाला पाहिजे तितका वेळ त्याला बसवून ठेवता येई. कुणी लगेच तांब्या आणी, कुणी गुरं घरी येईपर्यंत बाहेर डोकावत नसे. बसलेल्यानं उठायचं नाही. येणारेजाणारे बघत, आणि बघावं म्हणूनच तो तिथे बसलेला असे. पाणी मिळालं की संपलं. त्या गोष्टीचं नाव पुन्हा काढायचं नाही. या रीतीत एक शब्दही माफीचा नव्हता. आमच्या अहिराणीत तसा शब्द असेलही, पण कुणाला त्याची गरज पडलेली नव्हती.

रीतीत एकच खोट होती. जे एकमेकांच्या घरचं पाणी पीत नसत, त्यांना एकमेकांची माफी मागता येत नसे. त्यामुळे ते आपसात फार जपून भांडत.

हिंमतराव पाटील आणि गफूर मिस्तरी हे असे दोघं होते. हिंमतराव गावचे पाटील नव्हेत, नुसते आडनावाचे, पण आवाज गावच्या पाटलाचा. कापसाची चांगली जमीन, भरलेलं घर, आणि घोड्यांतलं आपल्याला कळतं असा एक गैरसमज. गफूर मिस्तरी बैलगाड्या करायचा. म्हसावदपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जी गाडी न करकरता चाले, ती त्याच्या हातची समजत. तो बोले कमी. लाकूड तासताना तर मुळीच नाही.

पोरवयापासून हिंमतराव रोज संध्याकाळी मिस्तरीच्या पडवीत जाऊन बसत. हिंमतरावांनी बोलायचं आणि मिस्तरीनं रंधा चालवायचा, असं त्यांचं संभाषण असे. बिड्या एकाच काडीवर पेटत. फक्त हिंमतराव येताना आपला पितळी तांब्या घरून भरून आणत. तो कोपऱ्यात एका ठरलेल्या विटेवर ठेवत. ती वीट मिस्तरीनंच तिथे आणून ठेवलेली होती. याचं दोघांना काही वाटत नसे. बिडी चालते आणि पाणी चालत नाही, यावर विचार करायला दोघांनाही वेळ नव्हता. आमच्याकडे असले विचार कॉलेजात गेलेले लोक करतात, आणि करून पुन्हा आपला तांब्या घेऊन फिरतात.

त्या वर्षी मार्गशीर्षात हिंमतराव बायकोला, कौसाबाईला घेऊन सारंगखेड्याच्या जत्रेला गेले. गाडी अर्थातच मिस्तरीच्या हातची. दत्ताचं दर्शन कौसाबाईनं घेतलं. हिंमतरावांनी घोड्यांचं घेतलं. आणि संध्याकाळी एक घोडी विकत घेऊन ते बिऱ्हाडापाशी आले.

घोडी बांधायला खुंटी नव्हती. हिंमतरावांनी इकडेतिकडे बघितलं. चाक कण्यावरून निसटू नये म्हणून कण्याच्या टोकाला एक लोखंडी खीळ घातलेली असते. ती त्यांना नेमकी मापाची वाटली. त्यांनी ती काढली, त्या भोकात बाभळीची काडी कोंबली, खीळ जमिनीत ठोकली आणि घोडी बांधली. सकाळी परत लावू, असं ते कौसाबाईला म्हणाले. सकाळी घोडी इतकी देखणी दिसत होती की त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

घोडी गाडीच्या मागे बांधून ते परत निघाले. शहाद्याच्या अलीकडे गोमाईच्या उतारावर काडी मोडली. चाक सुटलं आणि गाडीच्या पुष्कळ आधी नदीत पोचलं. गाडी एका अंगावर बसली. कौसाबाई वाळूत पडली आणि तिचा हात मोडला.

जत्रेहून परतणाऱ्या गाड्यांची रांग मागे थांबली. त्यातल्याच एका गाडीत गफूर मिस्तरी होता. तो उतरून धावत आला. हिंमतरावांना समोर चाक दिसलं, बायकोचा लोंबता हात दिसला आणि मग मिस्तरी दिसला.

"मिस्तरी!" ते त्या आवाजात ओरडले. "तुन्हा हात आते कामना ऱ्हायना नही! गाडी नही, ठाठडी बांधी दिधी तू माले!"

ठाठडी म्हणजे तिरडी. सगळ्या पंचक्रोशीनं ते ऐकलं. मिस्तरीनं वाकून कण्याचं भोक बघितलं. त्यात अडकलेला काडीचा तुकडा त्यानं बोटानं काढला, क्षणभर हातात धरला आणि नदीत टाकून दिला. चाक आणून बसवलं, शेजारच्या गाडीवाल्याकडून जादा खीळ मागून ठोकली आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

घरी पोचल्यावर हाडवैद्यानं कौसाबाईचा हात बांबूच्या पट्ट्यांत बांधला. दिवेलागणीला ती ओट्यावर बसली होती. हिंमतराव घोडीचा दोर सोडवत होते.

"आवं," कौसाबाई म्हणाली, "घोडीना दोरले हाई काय लटकी ऱ्हायनं?"

दोराच्या टोकाला गाठीत खीळ होती. सकाळी त्यांनी ती दोरासकट उपटली होती आणि तशीच घोडीच्या गळ्याभोवती गुंडाळली होती.

हिंमतरावांनी गाठ सोडवून खीळ हातात घेतली.

"आपू गाडीमा, आनी खीळ घोडीसंगे पायी उनी," कौसाबाई म्हणाली. "तिले चालनं आवडनं व्हई."

हिंमतरावांनी खीळ बंडीच्या खिशात टाकली. त्या संध्याकाळी ते मिस्तरीकडे गेले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही गेले नाहीत. तांब्या घरात पालथा पडला.

गोमाईवरचं वाक्य मात्र चालत राहिलं. मिस्तरीचा हात गेला, असं आधी म्हसावदात म्हणाले, मग बाजाराच्या गावांत, मग डोंगरापायथ्याला. लोक वाईट नव्हते, त्यांना फक्त आपल्या बायकांचे हात प्रिय होते. गाड्या दुरुस्तीला तळोद्याकडे जाऊ लागल्या. मिस्तरीच्या पडवीतलं लाकूड तसंच पडून राहिलं. माघात बातमी आली की मिस्तरी होळीनंतर गाव सोडून नवापूरला जावयाकडे राहायला जाणार. वाकस, पटाश्या, करवती तो तेल लावून गोणपाटात बांधत होता.

"जाई ऱ्हायना तो," कौसाबाई म्हणाली. "पानी मांगा जाईसन."

"त्याना घर?" हिंमतराव म्हणाले. "पंच काय म्हनतीन?"

"पंचस्नी खीळ काढेल व्हती का?"

यावर हिंमतराव घोडीला चारा घालायला उठले. ती घोडी त्या काळात फार लठ्ठ झाली.

चारा घालता घालता त्यांना साहेब आठवला. साहेबानं कोंबडी मारली आणि एका शब्दात सुटला. पाणी नाही, पायरी नाही, पंच नाहीत. ते तडक चुनीलाल मास्तरांकडे गेले. मास्तर गावातले एकटे इंग्रजी जाणणारे. मॅट्रिकची परीक्षा त्यांनी जिद्दीनं, म्हणजे पुन्हा पुन्हा दिली होती. त्यांच्यापाशी वाळवीनं पाठ खाल्लेला एक इंग्रजी कोश होता. तो ते पाटावर ठेवून, हात धुऊन उघडत.

"मास्तर, त्या कोंबडीवाला साहेब काय बोलना व्हता?"

"सॉरी."

"त्याना अर्थ काय?"

मास्तरांना आयुष्यात असा प्रश्न कुणी आपणहून विचारला नव्हता. त्यांनी हात धुतले. शब्द शोधायला बराच वेळ लागला, पण सापडल्यावर ते सोडीनात.

"जुना शब्द आहे, आबा. इंग्रज अजून रानात राहत होते तेव्हाचा. 'सोअर' म्हणजे जखम, दुखरी जागा. त्यापासून सॉरी. ज्याला दुखतंय तो सॉरी. दुःखाला त्यांच्याकडे 'सॉरो' म्हणतात. लोकांना वाटतं दोन्ही एकाच घरातले. तसं नाही. तोंडावळा सारखा, भाऊबंद नव्हेत. पुढे शेजारी राहून एकमेकांसारखे वागायला लागले, एवढंच."

"मंग?"

"मग अर्थ वाढले. एक, मला वाईट वाटतं. दोन, माफ करा. तीन, ऐकू आलं नाही, पुन्हा बोला. चार, बाजूला व्हा, मला जाऊ द्या. आणि पाच," मास्तरांनी पानाजवळ डोळे नेले, "भिकार, मरतुकडं, कामातून गेलेलं. उदाहरण दिलंय घोड्याचं."

"घोडानं काम नही," हिंमतराव घाईनं म्हणाले. "एक शब्द इतला काम करस? आपलाकडे इतला काम एक गडी करी तं त्याले दोन येळ खाले घालनं पडी. त्यास्ना राज उगाच नही चाली ऱ्हायनं."

आठवडाभर हिंमतरावांनी शेतात सराव केला. बैलांसमोर उभं राहून ते सॉरी म्हणत. बैल मान हलवत. अडचण काहीच दिसत नव्हती.

एका संध्याकाळी ते मिस्तरीच्या पडवीपाशी गेले. तांब्या बरोबर होता, सवयीनं आणला होता. मिस्तरी गोणपाट शिवत होता.

"मिस्तरी," हिंमतराव उभ्याउभ्याच म्हणाले, "सॉरी."

मिस्तरीनं सुई थांबवली. "हाई तं मी आयकेल शे. आमनी कोंबडी मरनी तव्हय."

"तेच, तेच."

"म्हंजे काय व्हस?"

"म्हंजे," हिंमतरावांनी आठवून आठवून सांगितलं, "जुना शब्द शे. म्हंजे दुखस."

"कोन्हं दुखस?"

"मन्हं."

मिस्तरीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "हात तं भाबीना मोडना, पाटील. तुमले कोठे दुखस?"

याचं उत्तर कोशात नव्हतं. मिस्तरीनं पुन्हा सुईत दोरा ओवला. विटेवर तांब्या ठेवायला म्हणून हिंमतराव कोपऱ्याकडे वळले, तर वीट तिथेच होती, पुसलेली. ती बघून त्यांना काय झालं कोण जाणे, ते तांब्या हातात घेऊनच घरी परतले.

"काय बोलना?" कौसाबाईनं विचारलं.

"कोठे दुखस इचारी ऱ्हायना व्हता."

"मंग? सांगं का?"

हिंमतराव जेवले नाहीत. घोडीलाही चारा त्या दिवशी गड्यानं घातला.

होळीच्या आधीचा बाजार आला. मिस्तरीचं घर बाजाराच्या वाटेवरच होतं. डोंगरातून पावरा बायामाणसं टोपल्या घेऊन उतरत होती, गाड्या सुटत होत्या, साखरेच्या कंगणांची दुकानं लागली होती. ऐन गर्दीत हिंमतराव पाटील फेटा बांधून मिस्तरीच्या दारी आले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसले.

"मिस्तरी," ते म्हणाले, "पानी दे."

आवाज तोच, गोमाईवरचा. कंगणांच्या दुकानापर्यंत गेला. बाजार थांबला.

मिस्तरी दारात आला. त्यानं खाली बसलेल्या पाटलांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. तो हळूच म्हणाला, "पाटील, तुमना तांब्या घर ऱ्हायना का?"

"घर शे. पानी दे."

"लोके दखी ऱ्हायनात."

"दखू दे. नही तं बाजारना दिन काबर उनू असतू?"

"तुमले वाळीत टाकतीन."

"ते मन्हं काम. तुन्हं काम पानी देवानं."

मिस्तरी आत गेला. आणि बाहेर येईना. हे त्यानं मुद्दाम केलं की त्याला बाहेर येववेना, यावर गावात अजून दोन मतं आहेत. हिंमतराव बसून राहिले. ऊन पायरीवर आलं. रतिलालबापू, म्हणजे जातीच्या पंचांतले थोरले, छत्री घेऊन समोरून एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले. बाजारात त्यांना त्या दिवशी काही घ्यायचं नव्हतं.

शेवटी दाराआडून खातूनचा आवाज आला. "भाऊ, कोनता भांडामा देऊ?"

"मिस्तरी ज्यामा पेस त्यामा."

आत कुजबुज झाली. मग मिस्तरी बाहेर आला. हातात कथलाचा, काठ चेपलेला कटोरा होता. हिंमतरावांनी तो घेतला आणि ते शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले. मग बंडीच्या खिशातून खीळ काढली आणि पायरीवर ठेवली.

"खीळ मी काढेल व्हती," ते बाजाराला म्हणाले. "घोडी बांधाले. मिस्तरीना हातले काही व्हयेल नही."

खरं तर रीतीत हे नव्हतं. पाणी प्यायल्यावर काही बोलायचं नसतं. पण हिंमतरावांना मुळात गप्प बसण्याचा सराव नव्हता.

मिस्तरीनं खीळ उचलली, नखानं गंज खरवडला. "गंजी गयी," तो म्हणाला. "घासी देस मी." आणि गोणपाट सोडून कानस शोधायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले. त्यांना बसावंच लागलं. हिंमतराव समोर उभे राहिले.

"हिंमत," रतिलालबापू म्हणाले, "तू मिस्तरीना घर पानी पिना?"

"पिनू."

"मंग आते काय म्हननं शे तुन्हं?"

हिंमतरावांनी टोपीला हात लावावा तसा फेट्याला हात लावला.

"सॉरी," ते म्हणाले.

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. हा शब्द साहेबाचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तर कोश, पाट आणि हात धुवायला पाणी घेऊन आले. जखमेपासून त्यांनी सुरुवात केली. रानात राहणारे इंग्रज झाले, तोंडावळा सारखा असणारे भाऊबंद झाले. माफ करा झालं, पुन्हा बोला झालं, बाजूला व्हा झालं. मरतुकड्या घोड्यापर्यंत पोचेतो ऊन पारावर आलं होतं आणि दोन पंच खांबाला टेकून झोपले होते.

"म्हंजे याले दुखस," रतिलालबापूंनी थोडक्यात घेतलं.

"मूळ अर्थ तोच," मास्तर म्हणाले.

"मंग झायं," रतिलालबापू म्हणाले आणि छत्री उघडली. ठराव झाला नाही, दंडाचं जेवण झालं नाही. संध्याकाळी बापूंचा गडी त्यांच्या गाडीची दोन्ही चाकं लोखंडी धाव चढवायला मिस्तरीकडे सोडून गेला. त्यांच्यामागून इतरही आले. होळी झाली, धुळवड झाली. मिस्तरी नवापूरला गेला तो जावयाला भेटायला, आणि चार दिवसांत परत आला. तिथल्या गाड्या करकरतात, म्हणाला.

हिंमतराव पुन्हा रोज पडवीत बसू लागले. तांब्या आणणं त्यांनी सोडलं. वीट काही दिवस रिकामी होती. मग खातूननं ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. ती घोडी मात्र पुढे खरोखरच मास्तरांच्या कोशातल्या उदाहरणासारखी निघाली. हिंमतरावांनी ती कुणाला विकली नाही.

हे दोघंही आता नाहीत. मिस्तरीच्या घराला सिमेंटची पायरी झाली आहे आणि तिच्यावर बसायला कुणी येत नाही. पाणी मागायची रीत तर पार गेली. चालत जायला वेळ नाही, आणि शब्द आहेच की. कधी कधी मला वाटतं, माझ्याच मागे राहिलेल्या अशा शब्दांपुढे किती माणसं अजून उभी असतील. पण मोटार सुटलेली असते.

जाता जाता शेवटचं सांगतो. त्या होळीनंतर पुष्कळ वर्षांनी, दोघांच्याही भुवया पांढऱ्या झाल्या होत्या तेव्हा, मिस्तरीच्या हातून बाभळीचा ओंडका निसटला आणि नेमका हिंमतरावांच्या पायावर पडला. हिंमतराव कळवळले. मिस्तरी घाबरून उठला आणि त्याच्या तोंडून निघालं, "सॉरी, पाटील."

"सॉरी कोंबडीले म्हन!" हिंमतराव दोन्ही हातांनी पाय धरून ओरडले. "माले पानी पाज!"

मिस्तरी कटोरा आणायला आत गेला.